सोशिकपणा आणि रजोनिवृत्ति

आपल्या भाषेंत स्त्रीच्या स्तुतीसाठीं जीं विशेषणें वापरलीं जातात, त्यांत 'सोशिक' या विशेषणाचा मान फार मोठा आहे. सुगरण, हुशार, देखणी हीं विशेषणें ऐकणाऱ्याच्या मनांत थोडीफार शंका उभी करतात. पण 'बाई मोठी सोशिक हो!' असें कोणी म्हटलें, कीं त्याला विरोध करणारा माणूस त्या बैठकींत सांपडत नाहीं. शिवाय या स्तुतीला स्तुति करणाराचा कांहींच खर्च होत नाहीं. उलट बाईनें सोसलें म्हणजे घरांतील इतरांची बरीच तोशीस वांचते. तेव्हां सोशिकपणा हा सद्गुण आहे काय, आणि असल्यास कोणत्या अटीवर, हा प्रश्न विचारून पाहण्यासारखा आहे. आम्ही तो येथें मोघमपणें मांडणार नाहीं. स्त्रीच्या आयुष्यांतील ज्या एका अवस्थेंत या गुणाची सर्वांत मोठी आणि सर्वांत मुकाट वसुली होते, त्या अवस्थेच्या, म्हणजे रजोनिवृत्तीच्या, अनुषंगानें तो पाहावा असा आमचा विचार आहे.

मुकाट म्हणण्याचें कारण उघड आहे. मुलीला न्हाण आलें म्हणजे तिला मखरांत बसवून तिची ओटी भरण्याची चाल कांहीं पिढ्यांपूर्वीं आपल्याकडील अनेक घरांत होती. दिवस गेले म्हणजे डोहाळजेवण, मूल झालें म्हणजे पांचवी आणि बारसें. परंतु पाळी जाते त्या दिवसाला आपल्याकडे नांव नाहीं. एका अर्थीं तें असूंहि शकत नाहीं. कारण तो दिवस येऊन गेला हें वर्ष लोटल्यावर कळतें. लागोपाठ १२ महिने पाळी आली नाहीं, म्हणजे मागें आलेली ती शेवटची होती, असें वैद्यक मागें वळून सांगतें. या अवस्थेची दखल घेणारा आमच्या माहितींतील एकच धार्मिक आचार म्हणजे ऋषिपंचमीचा. भाद्रपद शुद्ध पंचमीला बैलाच्या श्रमाचें अन्न वर्ज्य करून ऋषीच्या भाजीवर राहावयाचें, आणि पाळी कायमची गेली म्हणजे व्रताचें उद्यापन करावयाचें, ही रीत महाराष्ट्रांत अजूनहि कित्येक घरीं पाळली जाते. आम्ही तिची थट्टा करीत नाहीं. ज्या गोष्टीचा कोठेंच उच्चार होत नाहीं तिचा निदान येथें होतो, हेंहि थोडें नव्हे. परंतु या व्रताचें प्रयोजन काय सांगतात? तर विटाळाच्या दिवसांत कळत न कळत घडलेल्या शिवाशिवीच्या दोषाचें क्षालन. तीस-पस्तीस वर्षें जी गोष्ट शरीराच्या नियमानें घडत आली, तिची अखेर साजरी होते ती अपराधाचें खातें चुकतें झालें म्हणून! उद्यापनाच्या पाटावर बसलेल्या बाईला रात्रीं झोंप लागते काय, हें विचारण्याची तरतूद त्या विधींत नाहीं.

आतां या अवस्थेचें स्वरूप पाहूं. सुश्रुतानें रजःप्रवृत्तीचा काल १२ व्या वर्षापासून ५० व्या वर्षापर्यंत सांगितला आहे, आणि आजच्या मोजमापाशीं तो फारसा विसंगत नाहीं. पाश्चात्य देशांत रजोनिवृत्तीचें सरासरी वय ५१ च्या आसपास धरतात. आपल्या देशांत तें ४६-४७ च्या सुमारास पडतें. ४० व्या वर्षाच्या आंत पाळी गेली तर ती अकालीं गेली असें समजून स्वतंत्र तपास करावा लागतो. मुलगी जन्मास येते तेव्हां तिच्या अंडाशयांत १० ते २० लाख बीजें असतात. न्हाण येईपर्यंत त्यांतील तीनचार लाख उरतात, आणि साऱ्या आयुष्यांत पक्व होऊन बाहेर पडतात तीं अवघीं चारपांचशें. बाकीचीं आपोआप जिरून जातात. हा सांठा सरत आला कीं अंडाशय वरून येणारा हुकूम पूर्वीप्रमाणें मानीत नाहींत. मेंदूखालील पिट्यूटरी ग्रंथि आपला स्राव वाढवून त्यांना जणूं मोठ्यानें हांका मारूं लागते. अंडाशय कधीं एकदम मोठी ओ देतात, कधीं मुळींच देत नाहींत. त्यामुळें इस्ट्रोजेन नांवाचें जें द्रव्य ते निर्माण करतात, तें सरळ उतरणीनें कमी होत नाहीं. विझावयास आलेला दिवा जसा मधूनच भडकतो, तशी कांहीं वर्षें त्याची गत असते. पाळी कधीं पंधरा दिवसांनीं, कधीं तीन महिन्यांनीं, कधीं नुसती डोकावून, तर कधीं पाट वाहावा तशी येते, त्याचें कारण हें.

या द्रव्याचा संबंध केवळ गर्भाशयाशीं असता, तर एवढ्यावर भागलें असतें. परंतु मेंदू, हाडें, रक्तवाहिन्या, त्वचा, मूत्रमार्ग, सांधे या साऱ्यांना त्याची संवय झालेली असते. मेंदूच्या तळाशीं शरीराची उष्णता राखणारें जें केंद्र आहे त्याचा तोल बिघडतो, आणि एरवीं ज्या क्षुल्लक फरकाकडे त्यानें लक्षहि दिलें नसतें त्याला तें मोठा उष्मा समजूं लागतें. मग छातींतून मानेवर आणि तोंडावर वाफ चढते, अंग घामानें भिजतें आणि कांहीं मिनिटांत थंडी वाजूं लागते. दिवसां हें चारचौघांत होतें, रात्रीं झोंपेंत होतें. झोंप मोडली कीं स्मरण मंदावतें, चित्त चिडचिडें होतें, डब्याचें झांकण हातांत असून डबा कोठें ठेवला तें आठवत नाहीं. छातींत धडधडतें, बोटांचे सांधे सकाळीं आंखडतात, लघवीला वारंवार जावें लागतें, पतीचा सहवास दुखरा होतो. वाफांचा वारंवार त्रास होणाऱ्या अमेरिकन स्त्रियांची अनेक वर्षें पाहणी करून २०१५ सालीं जो निष्कर्ष प्रसिद्ध झाला, त्याप्रमाणें त्यांतील निम्म्या स्त्रियांना हा त्रास ७ वर्षांहून अधिक काल पुरला. उलट, कांहीं बायकांना यांतील कशाचाच उपद्रव होत नाहीं, हेंहि खरें आहे.

यांत सर्वांत क्लेशकारक गोष्ट कोणती, असें आम्हांस विचाराल तर ती वाफ नव्हे. या सगळ्या तक्रारी एका सूत्रांत ओंवलेल्या आहेत हें त्या बाईला कोणी सांगत नाहीं, ही ती गोष्ट. ती धडधडीसाठीं एका डॉक्टराकडे जाते, सांध्यांसाठीं दुसऱ्याकडे, झोंपेसाठीं शेजारणीचा काढा घेते, आणि चिडचिडीसाठीं स्वतःच्या स्वभावाला दोष देते. आपल्याला वेड तर लागत नाहीं ना, अशी भीति मनांत बाळगून महिनोन् महिने काढणाऱ्या सुशिक्षित स्त्रिया आम्हीं पाहिल्या आहेत. पदवीधर स्त्रीला पृथ्वीच्या गोलार्धांची नांवें सांगतां येतात, आणि आपल्याच देहांत काय घडत आहे याचें नांव माहीत नसतें, हें आपल्या शिक्षणाला भूषणावह नाहीं.

येथें हटकून एक आक्षेप निघतो. आमच्या आज्यांना कोठें होतीं हीं थेरें? त्यांची पाळी आली तशी गेली. तक्रार कधीं ऐकूं आली नाहीं. कांहीं विद्वान त्यावर उत्तर देतात, कीं पूर्वीं बायका त्या वयापर्यंत जगतच नसत. हें उत्तर चुकीचें आहे. सरासरी आयुर्मान लहान होतें तें मुख्यत्वेंकरून बालमृत्यूंमुळें. बाळपण आणि बाळंतपणें निभावून नेलेल्या बायका म्हाताऱ्या होतच असत, नाहीं तर सुश्रुताला ५० हा आंकडा सुचलाच नसता. आक्षेपाचें खरें उत्तर अधिक गुंतागुंतीचें आहे. १९७५ सालीं फ्लिंट नांवाच्या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ बाईंनीं राजस्थान व हिमाचल प्रदेशांतील ४८३ राजपूत स्त्रियांच्या भेटींवरून असें लिहिलें, कीं पाळी जाण्याच्या सुमारास या स्त्रियांना फारच थोड्या तक्रारी होत्या. त्यांनीं त्याचें कारण असें दिलें, कीं पाळी गेली म्हणजे या स्त्रियांचा पडदा सुटे, पुरुषमंडळींत बसण्याउठण्याची मोकळीक मिळे, घरांतील अधिकार वाढे. ज्या समाजांत तारुण्याचीच किंमत मोठी तेथें ही अवस्था शिक्षा ठरते, आणि जेथें तिच्या पाठोपाठ मान येतो तेथें ती बक्षीस ठरते, असा त्यांचा आशय. पुढें १९९३ सालीं मार्गारेट लॉक यांनीं जपानी स्त्रियांविषयींचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला; त्यांतहि असें दिसून आलें, कीं अमेरिकेंत जी वाफ या अवस्थेची खूणच समजली जाते तिची तक्रार जपानी स्त्रिया पुष्कळ कमी करतात, आणि खांदे धरण्याची मात्र अधिक करतात.

या दोन्ही शोधांत सत्य आहे असें आम्हांस वाटतें. देह एकटा दुःख भोगत नाहीं. घर, मान आणि आशा हींहि त्याच्या सोबतीस असतात. आपल्याकडेहि पाळी गेलेली बाई चार दिवस बाहेर बसण्याच्या जाचांतून सुटे, देवाच्या सोंवळ्याचा स्वयंपाक तिला केव्हांहि करतां येई, आणि तिच्या शब्दाला वजन येई. तिला तें सुख वाटलें असल्यास नवल नाहीं. पण यावरून 'त्रासच नव्हता' असें अनुमान काढणें म्हणजे कैद्यानें सुटकेच्या दिवशीं पायांतील घट्ट्यांची तक्रार केली नाहीं म्हणून घट्टे नव्हतेच असें म्हणण्यासारखें आहे. जिला रक्तस्रावाविषयीं आपल्या लेकीशींहि बोलतां येत नसे, तिची तक्रार कोणाच्या कानीं पडणार होती? या विषयांवर छापील बोलणेंसुद्धां किती महाग पडे, हें र. धों. कर्वे यांच्या उदाहरणावरून दिसतें. १९२७ ते १९५३ पर्यंत त्यांनीं चालविलेल्या 'समाजस्वास्थ्य' मासिकावर अश्लीलतेचे खटले भरले गेले. तेव्हां आज्यांचें मौन हा पुरावा मानावयाचा तर तो मौनाचा पुरावा आहे, आरोग्याचा नव्हे.

दुसरा आक्षेप अधिक तात्त्विक आहे, आणि तो आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो. तो असा, कीं ही अवस्था निसर्गक्रमानें येते. जें निसर्गानें येतें तें निमूटपणें स्वीकारावें, हाच शहाणपणा. शब्द मोठे गोड आहेत. परंतु निसर्गक्रमानें येणारी दुसरी एक गोष्ट आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे. चाळिसाव्या वर्षाच्या आसपास डोळ्यांतील भिंगाची लवचिकता कमी होते आणि जवळचें अक्षर दिसेनासें होतें. ही गोष्ट इतकी ठरलेली आहे, कीं त्यावरील चष्म्यालाच आपण 'चाळिशी' म्हणतों. आतां एखाद्या वकिलानें किंवा मास्तरानें चाळिशी न लावतां वर्तमानपत्र हातभर लांब धरून वीस वर्षें काढलीं, तर त्याच्या सोशिकपणाचे कोणी गोडवे गात नाहीं. त्याला वेडा म्हणतात. निसर्गक्रम हा शब्द पुरुषाच्या डोळ्याला लागू पडत नाहीं आणि स्त्रीच्या झोंपेला मात्र लागू पडतो, याचें तर्कशास्त्र आम्हांस आजवर कोणी समजावून दिलेलें नाहीं. बाळंतपणहि निसर्गक्रमच आहे. म्हणून त्यांत अडलेल्या बाईला कोणी तशीच ठेवीत नाहीं.

शिवाय निसर्ग या बाबतींत काय सांगतो, हेंहि वाटतें तितकें सोपें नाहीं. बहुतेक प्राण्यांच्या माद्या मरेपर्यंत थोड्याफार प्रसवक्षम राहतात. प्रजननशक्ति गेल्यावरहि दीर्घकाल जगणें, हें माणसाखेरीज कांहीं दंतयुक्त देवमाशांत आढळतें. आणि युगांडांतील किबाले अरण्यांत चिंपांझींच्या एका टोळींतील माद्यांतहि तें आढळल्याचें २०२३ सालीं प्रसिद्ध झालें. जॉर्ज विल्यम्स या जीवशास्त्रज्ञानें १९५७ सालीं अशी कल्पना मांडली, कीं म्हातारपणीं स्वतःचें मूल जन्माला घालण्याच्या जोखमीपेक्षां आधींची मुलें वाढविण्यांत अधिक फायदा असल्यामुळें ही अवस्था उत्पन्न झाली असावी. पुढें क्रिस्टन हॉक्स यांनीं टांझानियांतील हाद्झा लोकांत आज्या कंदमुळें खणून नातवंडांचें पोट कसें भरतात हें पाहून त्या कल्पनेला नवें रूप दिलें. ओर्का जातीच्या देवमाशांत तर साल्मन मासे कमी झाले म्हणजे पाळी गेलेल्या म्हाताऱ्या माद्याच कळपाच्या पुढें पोहत वाट दाखवितात, असें २०१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या निरीक्षणांवरून दिसतें. या कल्पनांवर शास्त्रज्ञांचें अजून एकमत नाहीं. तरी एवढें म्हणतां येईल, कीं पाळीनंतरचें आयुष्य हें उरलेलें-सुरलेलें गाठोडें आहे, असा निसर्गाचा तरी दाखला नाहीं. मात्र येथेंहि सावध राहावें. 'पाहा, आजीनें नातवंडें सांभाळावीं हाच सृष्टीचा हेतु' असें म्हणून कोणी आपलीं मुलें तिच्या ओटींत टाकून सिनेमास जाऊं पाहील, तर तें देवमाशांवर ढकलूं नये.

निसर्गाच्या नांवानें गप्प बसविणारा एक पक्ष झाला. त्याच्या नेमका उलट दुसरा पक्ष गेल्या शतकांत उदयास आला. 'मेनोपॉज' हा शब्द शार्ल द गार्दान या फ्रेंच डॉक्टरानें १८२१ सालीं रूढ केला. परंतु ही अवस्था म्हणजे उणिवेचा रोग आहे, आणि ती उणीव भरून काढली कीं स्त्री सदा तरुण राहील, असा डांगोरा न्यूयॉर्कच्या रॉबर्ट विल्सन या डॉक्टरानें १९६६ सालच्या आपल्या पुस्तकानें पिटला. पाळी गेलेल्या स्त्रीविषयीं त्यानें जी भाषा वापरली ती आज वाचवत नाहीं. गाभण घोड्यांच्या मूत्रांतून काढलेल्या इस्ट्रोजेनच्या गोळ्या अमेरिकेंत १९४२ पासून विकल्या जात होत्याच. त्यांचा खप आतां भरमसाट वाढला. १९७५ सालीं असें दिसून आलें, कीं नुसतें इस्ट्रोजेन घेतल्यानें गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग वाढतो. म्हणून गर्भाशय शाबूत असलेल्या स्त्रियांस जोडीला प्रोजेस्टोजेन देण्याची पद्धत पडली. मग २००२ च्या जुलैंत १६,६०८ स्त्रियांवरील एक मोठा अमेरिकन प्रयोग मध्येंच थांबविण्यांत आला, कारण ही जोडगोळी घेणाऱ्यांत स्तनाच्या कर्करोगाचें प्रमाण वर्षाला दर दहा हजारांत आठांनीं अधिक भरलें. जगभर घबराट उडाली. ज्यांना गोळ्यांची गरज नव्हती त्यांनीं त्या सोडल्या, आणि ज्यांना होती त्यांनींहि सोडल्या. त्या प्रयोगांतील स्त्रियांचें सरासरी वय ६३ होतें, म्हणजे बहुतेकींची पाळी जाऊन कित्येक वर्षें लोटलीं होतीं, ही गोष्ट त्या गडबडींत मागें पडली.

आजचें तज्ज्ञमत असें आहे, कीं ६० वर्षांच्या आंतील किंवा पाळी जाऊन १० वर्षें न झालेल्या स्त्रीस त्रास फार असेल, आणि स्तनाचा कर्करोग, रक्ताच्या गुठळ्या, यकृताचा विकार किंवा कारण न कळलेला रक्तस्राव यांपैकीं कांहीं नसेल, तर या उपचाराचा लाभ धोक्यापेक्षां बहुधा अधिक असतो. केवळ योनिमार्गाच्या कोरडेपणासाठीं तेथल्या तेथें लावण्याचीं औषधें आहेत, त्यांचा अंश रक्तांत फारच थोडा जातो. ज्यांना इस्ट्रोजेन चालत नाहीं त्यांच्यासाठीं मेंदूंतील उष्णताकेंद्रावर काम करणारें एक नवें औषध २०२३ सालीं अमेरिकेंत मान्य झालें. हा सारा इतिहास आम्हीं सांगितला तो उपचाराची शिफारस करण्यासाठीं नव्हे, किंवा त्याची भीति घालण्यासाठींहि नव्हे. दोन्ही पक्षांत एक साम्य आहे, तिकडे आम्हांस बोट दाखवावयाचें आहे. 'हा निसर्ग आहे, सोस' म्हणणारा आणि 'हा रोग आहे, गोळी घे' म्हणणारा, दोघेहि तिला कसें वाटतें हें तिला विचारण्याच्या आधींच उत्तर देऊन मोकळे होतात.

विचारण्याचें हें काम अजिबात टाळलें म्हणजे काय होतें, याचें उदाहरण दूर शोधावयास नको. बीड जिल्ह्यांतून दरवर्षीं लाखो माणसें ऊसतोडीस जातात. नवराबायको मिळून एक 'कोयता' धरला जातो. मुकादमाकडून आगाऊ उचल घेतलेली असते, आणि कामावर एक दिवस न गेल्यास 'खाडा' म्हणून दंड बसतो. पाळीच्या दिवसांत पोट दुखतें, फडांत आडोसा नाहीं, पाणी नाहीं. पाळी म्हणजे खाडा, आणि खाडा म्हणजे कर्ज. २०१९ सालीं ही गोष्ट चव्हाट्यावर आली, कीं तिशी-पस्तिशींतल्या बायका गर्भाशयच काढून टाकीत आहेत. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालीं नेमलेल्या समितीपुढें आलेल्या पाहणींत ८२ हजारांहून अधिक ऊसतोड स्त्रियांपैकीं १३ हजारांहून अधिक स्त्रियांची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. अंडाशयहि काढले गेले असतील तर सात-आठ वर्षांत हळूहळू येणारी अवस्था एका रात्रींत येते. ते ठेवले असले तरी ती अपेक्षेच्या आधीं येण्याचा संभव वाढतो. हाडें झिजतात, हृदयविकाराचा धोका वाढतो, आणि हातांत कोयता तोच असतो. अनावश्यक गर्भाशयशस्त्रक्रियांना आळा घालण्याचे नियम सर्व राज्यांनीं अंमलांत आणावेत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयानें २०२३ सालीं दिला.

आमचा वाचकवर्ग कोयता धरणारा नाहीं. परंतु त्या ऊसाची साखर आपल्या चहांत आहे; आणि दुसरें असें, कीं 'दोन मुलें झालीं, आतां पिशवीचा उपयोग काय, काढून टाका' हें वाक्य पांढरपेशा घरांतहि अपरिचित नाहीं. अति रक्तस्रावावर गोळ्या आहेत, गर्भाशयांत बसविण्याचें औषधी साधन आहे, इतरहि उपाय आहेत. शस्त्रक्रिया कांहींना खरोखर लागते, पण ती पहिली पायरी नव्हे. 'उपयोग काय' या शब्दांतच सारें आलें. बाईच्या देहांतील अवयवाचा उपयोग तिला स्वतःला असूं शकतो, हें बोलणाऱ्याच्या ध्यानींहि नसतें.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. सोसणें हा सद्गुण होऊं शकतो, याविषयीं आमच्या मनांत संदेह नाहीं. जें टाळतां येत नाहीं तें कुरकुर न करतां सोसणें, किंवा टाळतां येत असूनहि दुसऱ्याच्या हितासाठीं जाणूनबुजून पत्करणें, यांत माणसाचा मोठेपणा आहे. परंतु यांत दोन गोष्टी गृहीत आहेत: आपण काय सोसतों आहों हें सोसणाराला ठाऊक असावें, आणि न सोसण्याची वाट त्याला मोकळी असावी. ज्या बाईला आपल्या त्रासाचें नांव माहीत नाहीं, उपाय माहीत नाहीं, आणि तोंड उघडल्यास 'तुझें आपलें कांहींतरीच' हें उत्तर ठरलेलें आहे, तिच्या सोसण्याला सद्गुण म्हणणें ही भाषेची चैन आहे. तें सोसणें नव्हे, तें अडकणें होय. कोणी म्हणेल, कीं हें असें उकलून सांगितल्यानें बायका उगीच बाऊ करूं लागतील. आमचा अनुभव उलट आहे. ज्या गोष्टीचें कारण कळतें तिची भीति निम्म्यानें ओसरते, आणि मग जें उरतें तें सोसावयाचें कीं औषध घ्यावयाचें, हें ती शांतपणें ठरवूं शकते. सारें समजून घेऊन 'मला कांहीं नको' असें म्हणणारी बाई दिसली, तर तिला आम्ही अवश्य सोशिक म्हणूं.

घराचें कर्तव्य यावरून निघतें, आणि त्यांत पहिलें म्हणजे तिच्या शब्दावर विश्वास ठेवणें. ऐन थंडींत तिनें पंखा लावला तर विनोद करूं नये. आपल्या कुटुंबांत एक चमत्कारिक योग असा येतो, कीं सासूच्या रजोनिवृत्तीचा आणि सुनेच्या गृहप्रवेशाचा काल पुष्कळदां एकच असतो. मोडक्या झोंपेची एक बाई आणि परक्या घरांत बावरलेली दुसरी यांची गांठ एकाच ओट्यापाशीं पडते. सासूसुनांच्या भांडणांवर आपल्याकडे केवढें तरी वाङ्मय झालें. त्यांतील कांहीं भांडणांचें मूळ पहांटे तीन वाजतां भिजलेल्या उशींत असावें, असा आमचा तर्क आहे. मुलग्यांनाहि हा विषय सांगावा. ज्याला आईचा मधुमेह समजतो त्याला हेंहि समजेल.

बाकीचें पथ्य साधें आहे. पाळी गेल्यावर पहिलीं कांहीं वर्षें हाडें वेगानें झिजतात. म्हणून दिवसाला १,००० ते १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियम पोटांत जावें. शंभर ग्रॅम नाचणींत तें सुमारें ३५० मिलिग्रॅम असतें. दूध, ताक, तीळ, पालेभाज्या यांतून उरलेलें भरून निघतें. नाचणीची भाकरी गरिबाची म्हणून जी आपल्या ताटांतून गेली ती परत यावी. नुसतें चालणें चांगलें, पण स्नायूंना जोर पडेल असें कांहींतरी, वजन उचलण्याचा व्यायाम किंवा जिने चढणें, आठवड्यांतून दोनतीनदां तरी व्हावें. कळशीनें पाणी भरणाऱ्या बायकांना हें निराळें सांगावें लागत नसे. रक्तदाब, साखर व चरबी यांची तपासणी वर्षास एकदां करावी, कारण आजवर हृदयविकारापासून मिळणारें संरक्षण आतां ओसरतें. तंबाखूनें पाळी एकदोन वर्षें आधीं जाते आणि हाडांचीहि हानि होते. तेव्हां मिश्री लावणाऱ्या घरांत ती दांतांसाठीं आहे ही सबब कोणी सांगूं नये.

दोन गोष्टी मात्र नेमक्या तारखेवर अवलंबून आहेत. शेवटच्या पाळीनंतर, वय ५० च्या आंत असल्यास दोन वर्षें आणि वर असल्यास एक वर्ष, गर्भ राहण्याचा संभव धरून चालावें लागतें. आणि वर्षभर बंद असलेला स्राव पुन्हां एक थेंबभर जरी दिसला, तरी 'पाळी परत आली' म्हणून हंसण्यावारी न नेतां त्याच आठवड्यांत डॉक्टरास दाखवावें. बहुतेक वेळां कारण किरकोळ निघतें. परंतु सुमारें दहांत एखादीला गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग असतो, आणि तो लवकर सांपडला तर बहुधा बरा होतो. यासाठीं ती तारीख कोठें तरी लिहिलेली हवी. भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर दुधाचे खाडे मांडण्याची रीत आपल्या घरांत आहेच. त्याच चौकटींत ही खूण करावयास पेन्सिलीखेरीज कांहीं लागत नाहीं.